गठ्ठ्यावरची कात्री

सुपडूआप्पा आमच्याकडे पाठ करून बसायचे. साड्या तपासणाऱ्या आम्ही चौदा बायका, आमच्यावर नेमलेला माणूस हा एकच, आणि त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. शेठने ती दाराशी ठेवली होती, सगळ्या बायका नजरेत राहाव्यात म्हणून. आप्पांनी ती फिरवली आणि फिरवलेलीच ठेवली. नव्या बाईला वाटायचं, म्हातारा रागावलाय. मलाही वाटलं होतं. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी डोळे लावून बसलो तर तुमचे हात मला दाखवायला चालतील. मग मालाकडे कोण बघेल?"

कारखाना सुरतेत, कतारगामला, तिसऱ्या मजल्यावर. छपाई झालेल्या साड्यांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. एकेक साडी टेबलावर पसरायची, डाग, भोक, सरकलेली छपाई बघायची, लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, चांगली साडी एका बाजूला, खराब दुसऱ्या बाजूला. पुढे घडी आणि खोका. आम्ही बहुतेक सगळ्या खानदेशातल्या. नवरे मागावर, बायका साड्यांवर. आप्पाही पारोळ्याकडचे. आधी मागावर होते, तिथे उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं, मग या कामाला आले. ते आमच्याशी अहिराणीतच बोलत. मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे, पण काही वाक्यं तशीच ठेवते. ती बदलली तर त्यात आप्पा उरत नाहीत.

पहिल्या दिवशी माझ्या हातात एक साडी आली. निऱ्यांच्या जागी पुसटसा डाग. मी ती घेऊन आप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"आप्पा, हे चालेल का?"

मागे वळलेसुद्धा नाहीत. "लुगडं तू नेसस का मी नेसस वं?"

"मी."

"मग माले काय इचारस?"

मी परत टेबलाशी आले. शेजारची शोभा गालात हसत होती. म्हणाली, "आम्हालापण असंच हाकललं होतं. ठरव तुझं तू." मी पाच मिनिटं त्या डागाकडे बघत राहिले. चौथीपर्यंत शाळा झाली, मग शेतात, मग नवऱ्याघरी, मग सुरतेत. तूच ठरव, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मला ते आवडलं नाही, हे खरं सांगते. भीती वाटली आणि म्हाताऱ्याचा राग आला. काम सांगायचा पगार घेतो आणि सांगत नाही!

आप्पांनी एक रीत घातली होती. एखाद्या गठ्ठ्यात काही मोठी खोट आहे असं कोणत्याही बाईला वाटलं, तर तिने आपली कात्री त्या गठ्ठ्यावर ठेवायची. कात्री ठेवली की तो गठ्ठा थांबला. तिचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. हमाल नाही, घडीवाले नाहीत, खुद्द मोठे शेठही नाहीत. नवी बाई असो की जुनी, कात्री सारखीच.

दुसऱ्याच महिन्यात मी कात्री ठेवली आणि तोंडावर पडले. कापडात जागोजागी जाड धागे दिसले, मला वाटलं विणताना बिघडलंय. ते कापडच तसं असतं, हे मला माहीत नव्हतं. खाली टेम्पो उभा, मोठे शेठ वर येऊन ओरडायला लागले, "कोणी थांबवलं? कोणी?" आप्पा उठले, पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड केलं. "तिनं ठेवली म्हणजे मी ठेवली, शेठ. बोला, काय बोलायचं ते मला." शेठ बोलले. खूप बोलले. आप्पा तंबाखू मळत ऐकत राहिले. शेठ गेल्यावर मला वाटलं, आता माझी पाळी. आप्पांनी त्या कापडाचा हातभर तुकडा माझ्यापुढे टाकला. "घरी ने. धू, वाळव, पीळ, ओढ. काय दिसतं ते उद्या सांग." मी तो तुकडा तीनदा धुतला. त्यानंतर आजवर त्या कापडाने मला फसवलेलं नाही.

ते देवमाणूस वगैरे नव्हते. कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही. तीच गोष्ट दोनदा विचारली की खेकसायचे. भिंतीचा कोपरा थुंकून लाल केला होता, त्यावरून आमची रोज भांडणं. काही बायका त्यांना कंटाळून गेल्या. एक रेखा म्हणून होती, ती तोंडावर बोलायची, "आप्पा, तुम्ही सांगा, मी करते. डोकं मी चालवायचं आणि चूक झाली की माझ्या माथी, हा कुठला न्याय?" आप्पा म्हणाले, "तुझ्या माथी नाही, माझ्या माथी. कागदावर लिहून देऊ?" रेखा म्हणाली, "द्या." त्यांनी खरंच खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, खाली सही. रेखाने तो पुठ्ठा टेबलाखाली ठेवला होता. लागला कधीच नाही.

त्यांचं आणखी एक बोलणं होतं. "टेम्पो पाचला जातो, एवढं मी सांगतो. पाचपर्यंत कसं पोचायचं ते तुम्ही बघा." आम्ही राहायचो त्या लिंबायतला पाणी सकाळी उशिरा यायचं. मग आम्हीच पाळ्या ठरवल्या. ज्यांच्या गल्लीत पाणी असेल त्या उशिरा येणार, त्यांचं टेबल बाकीच्या उचलणार. शोभाचं तान्हं पोर होतं, तिने दुपारी तासभर घरी जावं, असं आम्ही ठरवलं. आप्पांना विचारलं नाही, फक्त कळवलं. "बरं," म्हणाले. टेम्पो पाचला जायचा. माल क्वचितच परत यायचा. म्हणून मोठे शेठ आरडाओरडा करायचे, पण आप्पांची रीत मोडायचे नाहीत. धंदा त्यांना कळत होता.

मग मोठे शेठ गुडघ्यांपायी घरी बसले आणि मुलगा आला. हार्दिकभाई. माणसं कशी सांभाळावी याचं शिक्षण घेऊन आलेला. मुलगा वाईट नव्हता, दारात भेटला तर आधी नमस्ते करायचा. पण माझं रक्त तापतं ते यानेच. वाईट माणूस असता तर समजून घेतलं असतं.

पहिल्या आठवड्यात चार कॅमेरे लागले. आप्पांची खुर्ची पुन्हा दाराशी आली. लघवीला जायचं तर प्लास्टिकचा बिल्ला घेऊन जायचं, बिल्ले दोनच. शोभाचं दुपारचं घरी जाणं बंद. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला, त्यावर बारा चुकांची यादी. डाग, भोक, सुटलेला काठ, अशा बारा. प्रत्येक साडीत त्या बारा बघायच्या, पुढच्या साडीला हात घालायचा. आणि कात्री गठ्ठ्यावर ठेवायची नाही. त्याने वेळ जातो.

मी म्हटलं, "भाई, कापड हातात आलं की आम्हाला आपोआप कळतं. विचार करावा लागतो थोडा."

तो हसून म्हणाला, "काकी, तमारे विचारवानुं नथी. खाली जोवानुं छे."

तुम्ही विचार करायचा नाही, नुसतं बघायचं. डोळ्यांवरून डोकं काढून ठेवता येतं, असं या शिकलेल्या माणसाला वाटत होतं.

आप्पांनी यादी वाचली, अर्ध्या बोटाने मोजली. "भाई, बारा झाल्या. तेरावी आली तर?"

"तर मला फोन करायचा."

"आणि फोन लागला नाही तर?"

आठ दिवसांत आप्पांना खाली फाटकाशी बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या खोक्यांच्या पावत्या बघायला. आम्ही म्हटलं, आप्पा, सोडा ही नोकरी, तुम्हाला कुठेही काम मिळेल. म्हणाले, "मी आहे तोवर वर काय चाललंय ते जिना चढून बघता तरी येतं."

त्यांना जिना चढायला सांगायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. ते मी आता सांगते.

लग्नसराईचा माल होता. लाल बांधणी छापाच्या साड्या, गठ्ठ्यांवर गठ्ठे. पहिली साडी उलगडली आणि मला वास आला. रंग नीट पक्का झाला नाही की कापडाला घासलेटासारखा वास राहतो. मी अंगठा जिभेला लावला आणि काठावर घासला. अंगठा लाल. समोर शोभा बघत होती. तिनेही तिचा अंगठा दाखवला, लाल. पलीकडे रेखाने नाकाला पदर लावला होता.

यादीत वास नव्हता. यादीत अंगठा नव्हता.

मी हार्दिकभाईंना फोन करू शकले असते. खाली तीन जिने उतरून आप्पांना सांगू शकले असते. केलं नाही. मनात काय होतं ते खोटं लिहून उपयोग नाही. मनात होतं, बघ म्हणालास ना? घे, बघितलं. बारा चुका बघितल्या, एकही नाही. माल चांगला. आम्ही चौदाही जणींनी एकमेकींकडे बघितलं आणि माल पुढे ढकलला. त्या दिवशी टेम्पो पाचच्या आधी गेला. हार्दिकभाईने पेढे वाटले. आम्ही खाल्ले.

पंधरा दिवसांत माल परत आला. ज्या व्यापाऱ्याने घेतला होता त्याच्याच घरच्या लग्नात बायकांच्या खांद्यांना, हातांना रंग लागला, नवरीच्या आईच्या पोलक्याला लागला. सगळे खोके फाटकाशी येऊन पडले. हार्दिकभाईने आप्पांना वर बोलावलं आणि आमच्यासमोर उभं केलं. "या बायका तुम्ही तयार केल्या. यांना एवढं दिसत नाही? हीच तुमची रीत?"

आप्पांनी एक साडी उचलली, वास घेतला. मग आमच्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"कोणाकोणाला दिसलं होतं?"

शोभाने हात वर केला. मग रेखाने. मग एकेक करत तेरा हात वर झाले. मी तेव्हा तिथे वयाने सगळ्यांत मोठी, आप्पांनंतर बायका मला विचारायच्या. माझा हात वर झाला नाही. मला वाटलं, मी कबूल केलं तर आपलीच नोकरी जाईल, आणि नवरा तेव्हा घरी आजारी होता. अशी कारणं सगळ्यांकडे असतात. शोभाकडे माझ्यापेक्षा जास्त होती. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तेही थोडाच वेळ, आणि नजर काढून घेतली.

मग ते हार्दिकभाईला म्हणाले, "तेरा जणींना दिसलं, भाई. डोळे चांगले आहेत यांचे. तुम्हाला नको होते, म्हणून त्यांनी दिले नाहीत."

त्याच दिवशी त्यांना काढलं. डबा घेतला, चप्पल घातली, गेले.

यानंतर जे झालं ते आठवलं की हसावं की दगड मारावा, कळत नाही. हार्दिकभाईने शहाण्या माणसाला बोलावलं. बायकांचं मन कामात रमत नाही, ते कसं रमवायचं हे शिकवायला. खुर्च्या मांडल्या, समोसे आणले. चकचकीत बुटांचा एक साहेब हिंदीत बोलायला लागला. प्रत्येकीला एक फुगा दिला. फुगवा आणि त्यावर तुमचं स्वप्न लिहा.

शोभाने विचारलं, "साहेब, फुटला तर खराब मालात धरायचा का?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसला, त्याला वाटलं रमल्या. मग म्हणाला, "हा कारखाना आपला समजा. बोला, तुम्हाला काय मिळालं तर काम करायला आनंद होईल?" वर कॅमेरा, बाजूला हार्दिकभाई. कोण बोलणार? मी बोलले. "कात्री."

"काकी, कात्री तर तुमच्या हातात आहे!"

मी त्याला सगळं सांगितलं. गठ्ठा, कात्री, आप्पा, सगळं. तो मान हलवत ऐकत राहिला. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, विश्वास. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. हार्दिकभाईने सगळ्यांत जोरात वाजवल्या. आप्पांनी जे इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून फुकट केलं, ते पैसे घेऊन सांगायला हा माणूस बूट घालून आला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी लघवीला गेले तर दोन्ही बिल्ले बाहेर होते. मी उभी राहिले.

महिन्याभराने हत्तींच्या साड्या आल्या. पदरावर हत्तींची रांग, सुंदर छपाई, बाराच्या बारा चुका तपासल्या तरी एकही नाही. पण पदराची कड वर धरली तरच हत्ती पायांवर उभे होते. साडी नेसल्यावर पदराची ती कड खाली लोंबते. म्हणजे हत्ती डोक्यावर. पदर खांद्यावरून मागे सोडा नाहीतर गुजराती बायकांसारखा पुढे घ्या, हत्तीचे पाय आभाळाकडेच. ज्याने चित्र काढलं, ज्याने छापलं, ज्याने पास केलं, त्यांतल्या एकानेही कधी साडी नेसलेली नव्हती.

मी कात्री गठ्ठ्यावर ठेवली. टेबलं एकामागून एक थांबली. कुणी कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्यात बघून हार्दिकभाई धावत आला.

"काकी, यादीत कुठे आहे?"

मी त्या गठ्ठ्यातली एक साडी उचलली. नेसलेल्या लुगड्यावरूनच तो पदर खांद्यावर टाकला आणि त्याच्याकडे पाठ केली. मग शोभा फिसकन हसली, आणि मग सगळा मजला.

मुलगा हुशार, लगेच समजला. माल थांबवला, छपाईवाल्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी माझा फोटो भिंतीवर लागला, हार घातलेला, मेलेल्या माणसासारखा. आणि त्याच्या शेजारी यादीत एक नवी ओळ होती. तेरा नंबर. पदरावरचे प्राणी उलटे नसावेत.

मी ती ओळ दोनदा वाचली. मालाला पुन्हा हात लावला नाही. एवढं सगळं होऊन या माणसाला कळलं काय, तर प्राणी! त्याने यादी वाढवली. कात्री ठेवायला अजूनही बंदीच. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "भाई, चौदावी चूक तुम्ही शोधा." आणि निघाले. शोभा जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "वेडी आहेस काकी. फोटो लागला आणि चाललीस?"

आप्पा लेकीकडे राहत होते, डिंडोलीला. त्यांची नोकरी गेल्यापासून मी त्यांच्याकडे गेले नव्हते. तोंड नव्हतं. आता गेले. खाटेवर बसले होते, दम लागत होता, बोलताना थांबावं लागत होतं. मी हत्तींचं सांगितलं. हसले, खोकले, पुन्हा हसले. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं.

"आप्पा, त्या लाल मालात मलाही दिसलं होतं. सगळ्यांत आधी मला दिसलं."

"माहीत शे."

"हात वर केला नाही."

"ते बी माहीत शे."

लेक चहा ठेवून गेली. मी म्हटलं, "मला माफ करा."

"नही."

मला वाटलं, ऐकायला आलं नसेल. पुन्हा म्हटलं. त्यांनी दम घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "माफ तर नोकरले करतस. तू मना बरोबरनी व्हती, म्हनीसन राग शे. चहा पी."

मी चहा प्यायले. मग तासभर बसून आम्ही छपाईवाल्याला शिव्या दिल्या.

दीड महिन्याने ते गेले. मधे मी चार-पाचदा जाऊन आले होते. राग गेला असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. नवरा, शेठ, सासरचे, कुणी ना कुणी मला जन्मभर माफच करत आलं. माझ्यावर बरोबरीने रागावलेला माणूस तेवढा एकच.